उंबराखालचे फालसे

१९३४ सालची चंपाषष्ठी. जागा : आमच्या मळ्यात फालशाच्या बागेच्या तोंडाशी असलेली वांग्याच्या भरताची चूल. हजर : थोरले दीर, ज्यांना सगळं घर भाऊ म्हणतं, जाऊबाई, माझे यजमान, थोरल्या नणंदबाई, म्हणजे अक्का, मी, आणि नशिराबादचे बागवानचाचा. चाचा आमचे फालसे जळगावच्या बाजारात नेत. दरसाल भरताला येत, जरा बाजूला आपलं पान मांडून बसत आणि जेवता जेवता बागेचा अंदाजही घेत. सासरे वारून दोन वर्षं झाली होती, पण चुलीचे तीन दगड त्यांनी ठेवले होते तिथेच होते.

कोण होतं, कोण नव्हतं हे आधी लिहून टाकायची मला सवय आहे. त्यामुळे पुढे कोणी "मी तसं म्हणालोच नाही" म्हटलं की निदान समोर कोण बसलं होतं ते सांगता येतं.

चातुर्मासभर वांगं बंद. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की ते सुटतं, आणि मग आमच्याकडे एका दिवसात चार महिन्यांची कसर निघते. त्या दिवशीही पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, मोठा जाळ केला होता. वांगी भाजून, सोलून, लाकडी भांड्यात ठेचून झाली. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकऱ्या आणि कांद्याची पात वाढून झाली. दोन घास झाल्यावर चाचांनी बागेकडे मान वळवली.

"भाऊ, मागल्या सालचा तुमचा माल गिऱ्हाइकानं काय म्हणून परत केला, सांगू? म्हणाला, हे फालसे आहेत का मिरीचे दाणे?"

सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. फालशाचं फळ मुळातच वाटाण्याएवढं, पिकलं की जांभळं-काळं होतं, आणि मीठ लावून खाल्लं तर उन्हाळ्यात जीव थंड करतं. पण तीन वर्षं आमच्या बागेतलं फळ बारीक, कोरडं आणि नुसतं आंबट येत होतं. झाडांची पानं पिवळी पडत. शिरा तेवढ्या हिरव्या राहत.

भाऊंनी हात धुतले आणि शांतपणे सांगितलं, "आखाजीपर्यंत बघू. झाडं अशीच राहिली तर मृगात इथं केळी."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जेमतेम पाच महिन्यांवर होती. भाऊ रागानं बोलले असते तर कोणी समजूत घातली असती. ते हिशेबानं बोलले, तिथे समजूत घालायला जागाच नव्हती.

ती बाग अक्कांची होती. अक्का धुळ्याच्या पलीकडे दिलेल्या. तरुणपणीच यजमान गेले, मूलबाळ नव्हतं. सासऱ्यांनी त्यांना घरी आणलं आणि नाल्याकाठचा हा पट्टा त्यांच्या स्वाधीन केला : यात तू फालसे लाव, निगा तू राख, जे येईल ते तुझं. कागदावर काही नव्हतं. तोंडी शब्द होता आणि शब्द देणारे आता नव्हते. तिकडे धुळ्याकडून अक्कांच्या पुतण्याचे निरोप येत होते की घरात बाईमाणूस नाही, काकूंनी येऊन स्वयंपाक सांभाळावा. अक्कांना जायचं नव्हतं. त्या मला एकदा विहिरीवर म्हणाल्या होत्या की बाग आहे तोवर मी या घरात कामाची आहे. केळी आली की ती गड्यांची आणि पुरुषांची, मग मी नुसती जेवायला उरेन, आणि नुसतं जेवायचंच असेल तर धुळ्याला काय वाईट.

तेव्हा त्या चुलीभोवती कशाची गोष्ट चालली होती हे मला पुरतं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का नेहमीप्रमाणे टोपलं घेऊन बागेत गेल्या. हे त्यांचं दरसालचं व्रतच होतं. चंपाषष्ठीच्या जाळाची राख थंड झाली की ती भरायची आणि झाडाझाडाच्या बुडाशी घालायची. सासरे वरच्या रानात केळीला असंच करत. खंडोबाच्या नैवेद्याची राख, ती झाडाला लाभते, असं ते म्हणत. त्यांच्यामागे अक्का दुप्पट श्रद्धेनं करू लागल्या. एवढंच नाही, रोजच्या चुलीची राखही भांडी घासून उरली की याच बागेत येई. वांग्यांना राख भुरभुरली की कीड कमी होते, हे खेड्यातलं पोरही जाणतं. त्यामुळे राखेवर कोणाचा संशय जाण्याचं कारण नव्हतं.

मी हातात विळा घेऊन मागे गेले. पौषात झाडं कमरेएवढी छाटायची असतात, म्हणून कोणत्या ओळीत किती काम आहे ते बघत होते. चुलीजवळच्या ओळी सगळ्यात पिवळ्या. मधल्या ओळी जरा बऱ्या. शेवटी नाल्याच्या अंगाला मोठा उंबर आहे, त्याच्या सावलीच्या कडेची सात-आठ झाडं मात्र हिरवीगार. सावलीत फालसा खरं म्हणजे कमी यायला हवा. मी अक्कांना विचारलं, इकडे वेगळं काही घालता का?

त्या म्हणाल्या, इकडे काहीच घालत नाही. उंबर दत्ताचा. उंबराखाली चुलीची राख टाकायची नाही, तिथे उष्टं-खरकटंही न्यायचं नाही.

म्हणजे ज्या झाडांना काहीच मिळत नव्हतं ती चांगली होती, आणि ज्यांना सगळ्यात जास्त मिळत होतं ती मरत होती. मी खाली बसून बोटानं माती उकरली. उंबराखाली पानांचा हातभर थर, त्याखाली माती काळी, ओलसर, गांडुळांनी भोकं पाडलेली. चुलीकडे येऊन उकरलं तर वर राखेची पांढरी साय आणि खाली चुनखडीचे खडे. तो नाल्याचा काठ मुळातच चुनखडीचा. चुना भाजणारे तिथले खडे गोळा करून नेत, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते.

मग मला परसातलं लिंबू आठवलं. मागे भिंत बांधली तेव्हा गवंड्यानं त्या लिंबाच्या बुडाशी चुना भिजवला होता. पुढे कितीतरी दिवस ते झाड असंच झालं होतं, पान पिवळं आणि शिरा हिरव्या. चुना आणि राख हाताला सारखेच खातात, हे भांडी घासणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. ज्या मातीत आधीच चुना भरलेला आहे तिला आम्ही वर्षानुवर्षं आणखी त्याचाच भाऊबंद वाढत होतो.

मी अक्कांना हे सांगितलं. जपून सांगायला हवं होतं, पण मला जपून सांगणं जमत नाही. मी मुद्दे सांगते. त्यांच्या हातात टोपलं तसंच राहिलं. लहानपणीच सासरी गेल्यानं त्यांची बोली तिकडचीच झाली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग मना बाप चुकना का?"

आपले वडील चुकले का, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, मामंजी केळीला घालत होते ते वरच्या काळ्या रानात, तिथे राख चाललीच असती. ही जमीन वेगळी आहे. त्या टोपलं घेऊन वांग्यांच्या वाफ्याकडे गेल्या आणि राख तिथे ओतून आल्या. ते बघितल्यावर मी कामाला लागले.

कामं अशी ठरवली. पहिलं, बागेत राख बंद, चिमूटभरसुद्धा. दुसरं, झाडांच्या बुडाची वरची पांढरी साय खरवडून बाहेर. तिसरं, जुनं, कुजून भुकटी झालेलं शेणखत प्रत्येक झाडाला. चौथं, त्यावर पाला. उंबराचा, करंजाचा, केळीच्या वाळक्या पानांचा, मिळेल तो. माती उघडी दिसता कामा नये. पाचवं, पावसाळ्यात ओळींच्या मध्ये ताग पेरायचा आणि फुलावर यायच्या आधी खत म्हणून तिथेच गाडायचा. पाचवं काम आखाजीनंतरचं होतं. तरी मी ते ठरवून टाकलं. पुढचं काम ठरलेलं असलं की आधीची कामं मुकाट्यानं होतात.

अडचण भाऊंची होती. पाला वाहायला गाडी हवी, गाडी त्यांच्या हातात, आणि मी त्यांच्याशी थेट बोलायची नाही. धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही अशी आमची रीत. पण रीतीत फटीही असतात. भाऊ ओसरीवर बसले की मी आतून दाराआड उभी राहून खांबाशी बोलत असे. "गाडी रिकामी उभी असते म्हणे दुपारी. करंजाचा पाला नाल्यात कुजून चाललाय म्हणे." भाऊ खांबाकडे बघून उत्तर देत. "बैलांनाही दुपारी बसावंसं वाटतं म्हणावं." मग दुसऱ्या दिवशी गाडी बागेशी उभी असे.

जाऊबाईंना पाल्याची भीती. पाल्यात साप येईल, वाळवी लागेल. वाळवीचं त्यांचं खरं होतं. मी पाला खोडापासून वीतभर दूर ठेवायला लावला आणि खाली निंबोळीची पेंड टाकली. सापाचं मी म्हटलं, तुम्ही बागेत किती वेळा जाता? त्या म्हणाल्या, एकदाही नाही. तो मुद्दा तिथे संपला.

पण पुढे त्यांनीच सगळ्यात कामाची गोष्ट सांगितली. त्यांचं माहेर बोदवडकडे. तिथे त्यांची आई मोगरा पिवळा पडला की आंबट ताकात गंजकं लोखंड आठवडाभर भिजवून ते पाण्यात मिसळून घालत असे. मी लगेच जुने विळे, तुटक्या नांगराचे तुकडे, बैलाच्या पायातून निघालेल्या पत्र्या गोळा केल्या आणि रांजणात ताक साठवायला सुरुवात केली. घरात कढी पातळ होऊ लागली. माझे यजमान ताटाकडे बघून म्हणाले, "यंदा फालशांचं अंग भरतंय, आमचं उतरतंय." भाऊ बागेवरून जाताना म्हणाले की झाडांना पांघरूण झालं, ताक झालं, आता अंगाई म्हणायला कोणाला बसवलंय ते विचारा. हे ते माझ्या यजमानांना म्हणाले, पण मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं.

पौषात छाटणी झाली. ती अक्का आणि मी दोघींनीच केली. छाटलेली बाग दिसायला भयंकर दिसते, नुसते खुंट. पाणी मात्र मी कमी केलं. आधी पिवळी पानं बघून सगळे दोन-दोन मोटा जास्त सोडत, आणि आमच्या विहिरीचं पाणीही चवीला जडच. पाल्याखाली ओल टिकते म्हटल्यावर जास्त पाण्याची गरजच राहिली नाही. मोटेवरच्या गड्यानं कुरकुर केली नाही. बैलांनीही नाही.

माघात कोंब फुटले. चुलीजवळच्या तीन ओळींचे कोंब पुन्हा पिवळेच. मधल्या ओळींचे फिकट हिरवे. ते फिकट हिरवे कोंब बघून अक्का रोज सकाळी पाल्याची आणखी एक पाटी टाकत. त्यांनी उंबराच्या दिशेनं सुरू करून चुलीच्या दिशेनं यायचं ठरवलं होतं. मला वाटलं होतं उलट करावं, जिथे जास्त आजार तिथे आधी औषध. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाल्या, जी जगणार आहेत त्यांना आधी जगवू. आखाजीला वेळ थोडा होता आणि पाला मोजकाच होता. तेव्हा त्यांचंच बरोबर ठरलं.

फाल्गुनात धुळ्याहून पुतण्या स्वतः आला. जेवला, पान खाल्लं, काकूंना न्यायला मृगाच्या आधी गाडी पाठवतो म्हणाला. भाऊंनी "बघू" म्हटलं. अक्का आत पोळ्या लाटत होत्या. त्या दिवशी पोळ्या जाड आल्या.

चैत्रात मधल्या ओळी रंगाला आल्या. नवी पानं हिरवी, रुंद, खरखरीत, हाताला लागणारी. पिवळ्या फुलांनी फांद्या भरल्या. बारीक फळ धरलं, ते वाढू लागलं. मी रोज बघत होते आणि कोणाला काही सांगत नव्हते. फळ झाडावर असताना त्याची चर्चा करू नये एवढं मला कळतं.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. भाऊंच्या दोन्ही लेकी आल्या, त्यांच्या मैत्रिणी आल्या. दरसाल झोका चिंचेला बांधत. त्या साली अक्कांनी सांगितलं, झोका उंबराजवळच्या निंबाला बांधा. का ते कोणी विचारलं नाही. मुली गाणी म्हणत झोके घेऊ लागल्या आणि झोका पुढे गेला की हात लांबवून फालशाच्या फांदीला हात घालू लागल्या. दुपारपर्यंत सगळ्यांच्या जिभा आणि बोटं जांभळी झाली. तोडायला बसलेल्या बायकांपेक्षा झोक्यावरच्या मुलींनीच जास्त फळ उतरवलं, आणि अक्का पहिल्यांदाच त्यांना रागावल्या नाहीत.

तिसऱ्या प्रहरी भाऊ आले. बरोबर बागवानचाचा. भाऊंनी आधी चुलीजवळच्या तीन ओळी बघितल्या. तिथे काहीच नव्हतं. मग ते मधून चालत गेले. कुठे थांबले नाहीत. उंबराजवळ त्यांच्या थोरल्या लेकीनं ओंजळभर फालसे त्यांच्यापुढे धरले. त्यांनी एक तोंडात टाकला, मग आणखी एक. मग सगळी ओंजळच घेतली आणि चाचांकडे न बघता बांधावर बसून खाल्ली. चाचांनी टोपल्यातलं फळ उचलून बोटांत दाबलं. रस मनगटापर्यंत आला.

"हे मिरीचे दाणे नव्हेत," चाचा म्हणाले. "पण भाऊ, टोपली माझी आहे, तुम्ही खाऊन टाकाल."

भाऊ उठले, हात धोतराला पुसले आणि निघून गेले. काय ठरलं ते कोणालाच कळलं नाही. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मी रात्री खांबाशी बोलून बघितलं. खांबानं उत्तर दिलं नाही.

मृग लागला. केळीच्या कंदांची गाडी आली. मी दारात उभी होते. गाडी बागेकडे वळणाऱ्या वाटेपर्यंत आली आणि सरळ पुढे, वरच्या काळ्या रानाकडे गेली. मागून भाऊ चालत आले. दारावरून जाताना माझ्या यजमानांना म्हणाले, "ताग किती पेरायचा ते घरात विचारून घे. आणि धुळ्याला निरोप पाठव, अक्काला इकडे काम आहे."

अक्का तेव्हा गोठ्यात होत्या. मी जाऊन सांगितलं. त्यांनी हातातलं शेण पाटीत टाकलं, हात धुतले, पुन्हा शेण काढायला लागल्या आणि मग म्हणाल्या की तागाचं बी आपल्याकडे पुरेसं नाही, नशिराबादहून आणावं लागेल.

ताग पेरला, गाडला, पुढच्या साली पुन्हा पेरला. दोन-तीन पावसाळ्यांत मधल्या ओळींखालची माती उंबराखालच्या मातीसारखी दिसू लागली. तिथेही गांडुळं आली. ज्यांना माझ्या बोलण्यावर विश्वास नव्हता त्यांना मी फावड्याचा एक घाव घालून दाखवत असे. खुद्द बागवानचाचांनी आपल्या आवारातल्या दोन झाडांखाली पाला घातला आणि राख बंद केली. खतासाठी पैसा खर्च झाला नाही. जे नाल्यात वाहून जात होतं ते जागेवर ठेवलं आणि जे चुकीच्या जागी जात होतं ते थांबवलं, एवढंच आम्ही केलं.

चुलीजवळच्या तीन ओळी मात्र सुधारल्या नाहीत. कारण स्पष्ट आहे. राख टाकायची थांबवली तरी चंपाषष्ठीचा जाळ तिथेच होतो, वारा नाल्याकडे वाहतो, आणि पऱ्हाट्यांची राख हलकी. पुढच्याच चंपाषष्ठीला, भरीत ठेचता ठेचता, भाऊंनी स्वतःहून तो विषय काढला. त्या वेळी हजेरी तीच होती. ते म्हणाले, राखच वैरी असेल तर चूलच हलवून टाकू, पलीकडे बांधाकडे नेऊ. तीन दगड आहेत, गडी उद्या उचलून ठेवतील. मला खांबाचीही गरज पडली नाही. मी मनातल्या मनात ते काम झालं म्हणून टाकलं.

अक्का भाकरी वाढत होत्या. त्या थांबल्या नाहीत. भाऊंच्या पानावर भाकरी ठेवून म्हणाल्या, "आते ही जागा मनी शे ना, भाऊ?"

भाऊ म्हणाले, "तुझीच."

"मंग बापनी चूल आठेच ऱ्हाई."

आता ही जागा माझी, तर वडिलांची चूल इथेच राहील. एवढं बोलून त्या चाचांच्या पानाकडे वळल्या. भाऊंनी माझ्या यजमानांकडे बघितलं, यजमानांनी वांग्याकडे.  ज्या पट्ट्यासाठी आम्ही पालापाचोळा वाहिला, कढी पातळ केली, त्या पट्ट्यात काय हलवायचं नि काय नाही हे ठरवायचा हक्क अक्कांना मिळाला होता, आणि पहिल्याच झटक्यात त्यांनी तो माझ्या विरुद्ध वापरला. मला राग आला नाही असं नाही. पण मुद्दा त्यांचा होता.

आता १९४६ साल आहे. भाऊ थकलेत, चाचांचा धंदा त्यांचे जावई बघतात, आणि अक्का अजून दर पौषात स्वतः छाटणी करतात. मी दर चंपाषष्ठीला जाळ विझायच्या आत लोखंडी घमेलं घेऊन उभी राहते आणि राख गरम असतानाच वांग्यांच्या वाफ्याकडे पाठवते. तरी थोडी उडतेच. पहिल्या तीन ओळी अजून पिवळ्या आहेत. तिथली माती हातभर खोल काढून नाल्यातला गाळ भरला तर त्याही सुधारतील अशी माझी खात्री आहे, पण वर चूल असेपर्यंत तो गाळ वाया जाईल. म्हणून आधी चूल बांधाकडे हलवायची, मग माती, मग गाळ, मग पाला, असा क्रम मी ठरवून ठेवला आहे. पहिलं काम करायच्या आधी अक्कांना विचारायचं आहे. ते अजून विचारलेलं नाही.